चौसष्टवर पक्कं

उत्तम गेल्याचा निरोप आला तेव्हा माझा हात पोत्यात होता. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माझा जुन्या बारदान्याचा धंदा आहे. म्हणजे रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची आणि पुन्हा विकायची. तळाची शिवण बोटांनी चाचपल्याशिवाय मी भाव बोलत नाही. समोर चाकूरचा एक व्यापारी बसला होता, त्याचं-माझं शेवटच्या आकड्यावर अडलं होतं, आणि फोन वाजला. नांदेडहून उत्तमची मुलगी प्रज्ञा बोलत होती. “काका, पप्पा गेले,” एवढंच म्हणाली. मी “बरं” म्हणालो, फोन ठेवला आणि सौदा पुरा केला. व्यापारी उठून गेल्यावर, पोत्यांच्या थप्पीला टेकून बसल्यावर मला कळलं, की आपण “बरं” म्हणालो. सात वर्षं ज्या माणसाशी बोललो नव्हतो, त्याच्या मरणावर माझ्या तोंडून निघालेला शब्द तो होता...

या गोष्टीला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, अशी रीत आहे. उत्तमबद्दल चांगलं लिहायला मला काहीच अडचण नाही, तो होताच तसा. पण माझी त्याच्यावर एक तक्रार आहे. ती सोडून लिहायला बसलो तर चार ओळींच्या पुढे जात नाही. तेव्हा ती धरूनच लिहितो.

शेवंता ही माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. पुढे सगळं गावच तिला अक्का म्हणायला लागलं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला अक्कानेच वाढवलं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत गायची. उत्तम त्या पार्टीचा पेटीवाला. राहायला नांदेडला, पण आमच्या भागात कार्यक्रम असला की पेटी मांडीवर घेऊन एसटीने यायचा. उंच, अंगाने काटकुळा, बोलताना मान थोडी उजवीकडे कललेली, जणू समोरच्याचा आवाज एका कानाने तोलून बघतोय. अक्काने त्याच्याकडे कधी सूर मागितला नाही. ती पदर खोचून माईकपुढे उभी राहायची, तेव्हा त्याचं बोट पट्टीवर आधीच ठेवलेलं असायचं. एकदा शिरूर अनंतपाळच्या बाजूला कार्यक्रम होता. उतरल्या उतरल्या तो म्हणाला, “अक्का, आज अर्धी पट्टी खाली घेऊ. घसा बसलाय तुमचा.”

“मी तर अजून तोंडबी उघडलं न्हाई. तुला कसं कळलं रे?”

“तुम्ही मघाशी चहा मागितला ना, तवाच कळलं.”

असा त्याचा कान. पेटीच्या शेजारी तो एक टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि अॅम्प्लिफायरमधून त्याला वायर जोडायचा. पार्टीतले लोक चेष्टा करायचे, उत्तमराव दोन बायका घेऊन फिरतात म्हणून. पण अक्काने गायलेलं जे काही पुढे उरलं, ते त्या टेपरेकॉर्डरमुळे उरलं. गावोगावच्या जयंत्या, लग्नं, नामकरणं, सगळं त्याने धरून ठेवलं होतं. नांदेडला बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, तेव्हा त्याने अक्काच्या सगळ्या कॅसेट सीडीवर घेतल्या. चौदा सीड्या झाल्या. प्रत्येकीवर काळ्या मार्करने, मधल्या गोलाभोवती वळवून, लिहिलेलं: शेवंताअक्का, एक. शेवंताअक्का, दोन... तो संच त्याने अक्काला दिला. आणखी एक संच स्वतःसाठी काढायचं त्याच्या मनात होतं, ते राहून गेलं. नंतरच्या एका पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं आणि कॅसेटच्या रिळांचा लगदा झाला. तेव्हाच्या कॉम्प्युटरात जागा इतकी थोडी, की एक सीडी झाली की ती पुसून दुसरीला जागा करावी लागायची. म्हणजे अक्काचा आवाज या जगात त्या चौदा सीड्यांवरच होता. अक्का गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

उत्तमचं काम करणं बघत बसावं असं होतं. सीडी तो कायम कडेने धरायचा. ट्यूबलाइटखाली तिरकी करून बघायचा आणि धुतलेल्या बनियनच्या तुकड्याने मधून बाहेर, सरळ रेघेत पुसायचा. मी एकदा गोल पुसायला गेलो तर हातातून काढून घेतली. म्हणाला, “गोल पुसली की ओरखडा गाण्याच्या संगट पळतो, बाप्पा. आडवा असला तर मशीन त्याला वलांडून जातं.” पुढे सीड्याही मागे पडल्या आणि दुकानावर पाटी लागली: मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, एका कार्डात हजार गाणी बसवा. हजार बसवायची तर प्रत्येक गाणं दाबून बारीक करावं लागतं. उत्तम ते करायचा, पण तोंड वाकडं करून. त्याच्याकडे गाण्यांच्या दोन जाती होत्या: भरतीची गाणी आणि ऐकायची गाणी. भरती हा शब्द आमच्या बारदान्यातला. एका पोत्यात किती माल बसतो, ती त्याची भरती. तो शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता.

आता तक्रारीवर येतो.

अक्काला जाऊन चार वर्षं झाली होती. मी पहिली चारचाकी घेतली होती, तिला पेनड्राइव्हची खाच होती. अक्काची गाणी गाडीत वाजली पाहिजेत म्हणून चौदा सीड्या पिशवीत घालून मी नांदेडला उत्तमकडे गेलो. मी येणार हे त्याला आदल्या दिवशी कळवलं होतं, आणि गेलो तेव्हा तो नुसता खुशीत होता. पहिली सीडी आत घातली, बराच वेळ माऊस हलवत राहिला आणि मान उजवीकडे कलवून म्हणाला, “तीनशे वीस ठेवतो.”

“तीनशे वीस? एका सीडीला?”

“हाव. समद्या सीड्यांना सारखंच ठेवू.”

“डोकं फिरलं का तुझं? लूट चालू हाय का नांदेडात?”

तो हसला. “लूट कशाची? जागा थोडी जास्त खातंय, दुसरं काय! बरं, एकशे ब्याण्णव ठेवू?”

“खाली ये.”

“एकशे अठ्ठावीस. त्याच्या खाली आवाज मार खाईल, बाळू.”

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एव्हाना कळलं असेल. मला कळलं नव्हतं. तो आकडा पैशाचा नव्हता. सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरात घेताना आवाज किती भरीव ठेवायचा, त्याचा तो आकडा. जितका मोठा, तितका आवाज पुरा. मी आयुष्यभर एकच विद्या शिकलो: समोरच्याने आकडा सांगितला की तो खाली ओढायचा. हमाल म्हणून मोंढ्यात आलो तेव्हापासून तेच करत होतो आणि त्यावरच वर आलो होतो. माल मार खाईल असं तर प्रत्येक विकणारा म्हणतो. मी ते ऐकलंच नाही.

उत्तमने हेडफोन माझ्यापुढे धरला. “आधी नमुना तर ऐक. आता सीडी घातल्या घातल्या तुझ्यासाठीच काढलाय. अन् पहिली सीडी कामून घातली त्ये कळंल तुला. लई मजा हाय त्याच्यात.”

“नमुना ऐकायला येळ न्हाई मला. तू आकडा बोल.”

“अरे, ऐक तर...”

तेव्हा मी जे बोललो ते दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर बोललो, आणि मोठ्याने बोललो. “मेलेल्या बाईच्या गळ्यावर धंदा करून राहिलास काय रे?”

त्याचं हसू गेलं. हेडफोन त्याने खाली ठेवला.

“तू किती म्हणतोस?”

एकशे अठ्ठावीसच्या निम्मे मी तोंडातल्या तोंडात केले. “चौसष्ट.”

“आवाज मार खाईल,” तो दुसऱ्यांदा म्हणाला. मग म्हणाला, “चौसष्ट. पक्कं?”

“पक्कं.”

दिवसभर मी नांदेडच्या मोंढ्यात माझी कामं करत फिरलो. संध्याकाळी परत गेलो तेव्हा पिशवीत सीड्या एक ते चौदा ओळीने लावलेल्या होत्या, वर पेनड्राइव्ह ठेवलेला. मी खिशात हात घातला तर म्हणाला, “ऱ्हाऊ दे. अक्काचं काम हाय.” आणि मी वळल्यावर मागून म्हणाला, “सीड्या तेवढ्या जपून ठेव.” मला वाटलं, मी त्याला तीनशे वीसवरून शून्यावर आणलं. लातूरला येऊन चार जणांना ते हसत सांगितलंसुद्धा.

त्याच हिवाळ्यात मी त्या चौदा सीड्या रानात टांगल्या. चाकूरजवळ चार एकर रान मी घेतलंय. ज्या शिवारात अक्का दुसऱ्याचं खुरपायची, त्याच शिवारात. ज्वारी दुधात आली की पाखरं बसतात. सीडी दोऱ्याने टांगली की उन्हात चमकते आणि पाखरं बिचकतात. गाणी पेनड्राइव्हमध्ये आलीच होती. रिकामं पोतं जसं कामाला लावतो, तशा त्या कामाला लावल्या. दोन हंगाम त्या तिथे ऊन, वारा, पाऊस खात फिरत होत्या. मग त्यांची चांदी उडाली आणि त्या कुठे गेल्या, मी विचारलंही नाही.

गाडीत गाणी वाजायची. इंजिनाचा आवाज, रस्त्याचा आवाज, खिडकीचं वारं... त्यात अक्का गायची आणि मला पुरायची. काही वर्षं अशीच गेली. मग गावात अक्काचा स्मृतिदिन करायचा ठरला. समाजमंदिरापुढे मी मोठे स्पीकर लावले. बुद्धवंदना झाली आणि पहिलं गाणं लावलं. अक्का जणू रांजणात तोंड घालून गात होती. झांज पाण्यात बुडवून वाजवावी तशी वाजत होती. श्वास कुठे नव्हताच. शब्दाच्या आधी ती जो घ्यायची, ज्याची सगळं गाव वाट बघायचं, तो. तिच्याबरोबर कोरसला उभ्या राहिलेल्या दोन म्हाताऱ्या पुढेच बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, “ही शेवंता न्हाई बाई. दुसरीच कोण तरी लावलीय.”

मी साउंडवाल्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने लॅपटॉपचं तोंड माझ्याकडे फिरवलं. “माझ्यावर कामून ओरडता काका? फाइलच चौसष्टची हाय. इथं लिहिलंय बघा, चौसष्ट.”

चौसष्ट... तो आकडा कुणाच्या तोंडून निघाला होता, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

तसाच बाजूला जाऊन मी उत्तमला फोन लावला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकत होता. शेवटी मी म्हणालो, “मी पैशाचा भाव करून राहिलो, हे तुला कळत होतं का न्हाई? एवढंच सांग.”

“हाव. कळत होतं.”

“मग बोलला का न्हाईस?”

“पयल्यांदा मला गंमत वाटली. म्हणलं, नमुना ऐकवू, तूच हसशील. मग तू अक्काच्या गळ्याचं काढलंस... त्याच्यानंतर तुझ्याशी बोलावंसंच वाटलं न्हाई मला.” आणि लगेच म्हणाला, “सीड्या घेऊन ये. येका दिवसाचं काम. पुन्हा करू, तीनशे वीसवर.”

“हेच मोठं करून दे की.”

“ह्ये मोठं हुत न्हाई, बाळू. तू चाळलेला माल मोठ्या पोत्यात भरलास तर वाढतो का? चाळणीखाली पडलं त्ये गेलं. सीड्या आण.”

सीड्या कुठे आहेत ते मी सांगितलं नाही. फोन कापला. त्यानंतर सात वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

लोकांना मी सांगत राहिलो, की उत्तमने मला फसवलं. समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसणं ही फसवणूकच, असं माझं म्हणणं होतं. ते आजही आहे. मोंढ्यात मीही गप्प बसतो, पण तो मोंढा असतो. त्याने मला एका वाक्यात सांगायचं होतं. त्याने दोनदा निरोप धाडला, सीड्या घेऊन ये म्हणून. मी उत्तर दिलं नाही. माझा राग मोठा होता हे खरं, पण रागाच्या आत दुसरं काय होतं हे मला माहीत होतं. गेलो असतो तर पाखरांचं सांगावं लागलं असतं. पुढे कळलं, त्याच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, दुकान बंद झालं. नांदेडला महिन्यातून दोन खेपा माझ्या होत होत्या. त्याच्या गल्लीच्या तोंडावरून माझी गाडी जायची. गाडीत अक्का गात असायची, चौसष्टवर.

अंत्यविधीला पोचलो नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. पांढरे कपडे घातलेली माणसं निघून जाईपर्यंत बसून राहिलो, कारण मला एक गोष्ट विचारायची होती. लाज सोडून लिहितो: मी रडायला गेलो नव्हतो. दिवसभर सीड्या त्याच्याकडे होत्या, त्याचा कान तसला. स्वतःसाठी त्याने एक भरीव कॉपी काढून ठेवली असेलच, असा माझा हिशेब होता. ती आणायला गेलो होतो.

मी विचारायच्या आत सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोने, मलाच विचारलं. “सीड्या आणल्या का, भावजी?”

समोरच्या खोलीत, खिडकीखाली, दुकानातला तो जुना कॉम्प्युटर होता. वर चादर टाकलेली. वहिनी म्हणाल्या, “आजारपणात घरातलं किती सामान गेलं. ह्याला हात लावू दिला न्हाई त्यांनी. म्हणायचे, आताच्या कॉम्प्युटरला सीडीची जागाच नसती. बाळू तापट हाय, पण यील. तो सीड्या घेऊन आला तर कशात घालू?”

मी प्रज्ञाला म्हणालो, अक्काचं काही आहे का बघ आत. तिने चादर काढली, कॉम्प्युटर लावला. सुरू व्हायला बराच वेळ लागला. मग तिने सगळीकडे शोधलं. चौदा सीड्यांतलं एकही गाणं नव्हतं. “पप्पा गिऱ्हाइकाचं काम झालं की त्याच दिवशी पुसायचे, काका. विचारल्याशिवाय कुणाचं काही ठेवायचे नाहीत.” आणि मी तर भर दुकानात त्याला गळ्यावर धंदा करणारा म्हणालो होतो. तो कशाला ठेवेल?

एक फोल्डर मात्र होतं. त्याचं नाव होतं ‘बाळू’. आत दोन फाइली, चाळीस-चाळीस सेकंदांच्या: नमुना ६४ आणि नमुना ३२०.

प्रज्ञाने पहिली लावली. माणसांचा गलबला, पाण्याखालचा. काही कळलं नाही. मग दुसरी लावली. त्याच गलबल्यातून माणसं वेगळी झाली. लेकरू रडतंय, कुणीतरी खोकतंय, सतरंजी ओढल्याचा आवाज... आणि लांबून, माईकच्या मागे कुठेतरी, एक कोवळा पोरगा मंडपवाल्याशी भांडतोय: “दोन ट्यूबा कमी लावल्यात तुम्ही. पैसे कमी घ्या न्हाई तर लावून द्या!” तो मी. शब्द न् शब्द कळत होता. आणि अगदी जवळून, माझ्या कानाशी, अक्का: “बाळू, पुरं कर की रे आता. लोक कवाचे बसलेत.” सगळा मंडप हसतो. पेटीचा एकच सूर सुरू होतो. अक्का श्वास घेते. तो श्वास पुरा ऐकू येतो. आणि नमुना संपतो.

ही ती मजा. त्या दिवशी पहिली सीडी घातल्या घातल्या त्याने माझ्यासाठी काढून ठेवली होती. मला हसवायला.

प्रज्ञाने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सीडीचा ट्रे घरघरत बाहेर आला. “द्या काका सीड्या. मला येतं करायला, पप्पांनी शिकवलंय.” तेव्हा मला ट्रेच्या वर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. तेच काळ्या मार्करचं अक्षर, जरा थरथरलेलं. ‘बाळूच्या सीड्या १४. ३२० वर. त्याला विचारायचं नाही.’

मग मी सांगितलं. पाखरांसाठी टांगल्या होत्या म्हणून.

“कधी?” वहिनींनी विचारलं.

“त्याच साली. नांदेडहून नेल्या त्याच हिवाळ्यात.”

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. सात वर्षं हा माणूस कशाची वाट बघत होता, ते त्या मनात मोजत असाव्यात. बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता. “मग आता हा कॉम्प्युटर द्यायला हरकत न्हाई कुणाला,” म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. प्रज्ञा चादरीची घडी घालत राहिली. ट्रे तसाच बाहेर होता, रिकामा. कुणी आत ढकलेना. शेवटी मीच बोट लावलं.